शिरस्तेदारांची माती

शिरस्तेदार माती चाखायचे. चिमूटभर उचलायची, तळहातावर चोळायची, जिभेच्या टोकाला लावायची आणि डोळे मिटून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. मग बाजूला थुंकून “अजून कडक आहे” किंवा “आता बरी झाली” असा निकाल द्यायचा. हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं पाहायला गेले तेव्हा मला त्यांचं पहिलं दर्शन झालं ते असं, तोंडात माती घेतलेलं. फाटकाशी मी उभी आणि हिरवळीच्या कडेला उकिडवे बसलेले ते. हातानंच त्यांनी मला थांबवलं. निकाल लागेपर्यंत मी थांबले.

धारवाडच्या कोर्टातून ते शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते आणि सगळं नवनगर त्यांना त्याच नावानं ओळखत असे. लग्न केलं नव्हतं. थोरली बहीण त्यांच्याजवळ राहायची. ती तरुणपणीच विधवा झालेली. पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली आणि तीही निवृत्त झाली. तिला सगळे अक्का म्हणत. ती भावाला तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. दोघांची वाक्यं मराठीत सुरू व्हायची आणि कानडीत संपायची.

भाड्याची बोलणी अक्कानं उरकली. शिरस्तेदारांनी मला एकच विचारलं.

“बाई, तुम्ही घाईत चालता का?”

मी धारवाडजवळच्या बेलूरच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होते. कंपनीची बस पहाटे हमरस्त्यावर यायची. “कधी कधी,” मी म्हटलं. “बस चुकू नये म्हणून.”

“मग थोडं लवकर निघत जा. गवतावरून आडवं जायचं नाही. फरशीवरून वळसा घालून जायचं. आमची अक्काही तसंच जाते.”

दारात उभ्या असलेल्या अक्कानं मान हलवली.

ती हिरवळ काही फार मोठी नव्हती. फाटकापासून अक्काच्या खोलीच्या खिडकीपर्यंत, दोन-चार खाटा मांडता येतील एवढी. पण नवनगरात तशी दुसरी नव्हती. इथली माती काळी. पावसात पायाला पायलीभर चिकटते आणि वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. निम्म्या घरांच्या भिंतींना त्या मातीपायी तडे गेलेले. त्या मातीत शिरस्तेदारांनी नोकरीत असल्यापासून धारवाडकडच्या टेकड्यांची तांबडी माती आणून कालवली होती, वाळू कालवली होती, कोर्टाच्या आवारातला पालापाचोळा कुजवून घातला होता. “ही माती मला मिळालेली नाही,” ते म्हणायचे. “ही मी केलीय.”

लोकांना वाटतं बागेचं काम पावसाळ्यात असतं. शिरस्तेदारांचं काम दिवाळीनंतर सुरू व्हायचं. सकाळी दव सुकलं की डोक्याला मफलर, अंगात जुना काळा कोट घालून ते बाहेर यायचे. कोर्टातला तो कोट कोपरांवर फाटला होता. आधी गवत अगदी बुडापर्यंत कापायचं. मग दाताळ्यानं विंचरून आतलं मेलेलं, पिवळं गवत काढायचं. मग लोखंडी काटा घेऊन सबंध जमीन टोचत जायची. टोचायची, काटा थोडा हलवायचा, उपसायचा, वीतभर मागं सरायचं. मातीत हुमणीची पांढरी अळी निघाली तर ती फाटकाच्या खांबावर ठेवायची. तिथं कावळे वाट पाहतच असत. शेवटी चाळलेली माती, कुजलेलं खत आणि निंबोळी पेंड एकत्र करून त्याचा पातळ थर सगळ्या हिरवळीवर पसरायचा आणि खराट्यानं ते गवताच्या बुडाशी लोटायचं. एवढं झालं की पौष-माघात त्या जागेकडे बघवत नसे. नुसता तांबूस-काळा चौकोन, मधे मधे गवताचे खुंट. येणारेजाणारे हसायचे. शेजारचे वकील एकदा फाटकावरून म्हणाले, “काय शिरस्तेदार, हिरवळीला मूठमाती दिली वाटतं?”

“तारीख पडलीय,” शिरस्तेदार वर न बघता म्हणाले. “पाडव्याला या.”

आणि पाडव्याच्या सुमारास खरोखरच तिथं अशी पोपटी, दाट हिरवळ उगवून यायची, की शाळेत जाणारी मुलं फाटकाच्या गजांतून हात घालून तिला शिवायची. शिरस्तेदार खुर्ची टाकून व्हरांड्यात बसायचे आणि त्यांच्यावर नजर ठेवायचे. शिवायला हरकत नव्हती, आत यायला होती.

त्यांना कोर्टाची भाषा सोडवत नसे. लव्हाळ्याला ते अपीलवाला म्हणायचे, कारण कितीही वेळा काढून टाकला तरी तो पुन्हा हजर. एकदा त्यांनी माझ्याजवळ डब्यातून माती दिली. “तुमच्याकडे त्या लाल-निळ्या पट्ट्या असतात की. बघून सांगा.” आमच्याकडे रंग तपासतात, माती नाही, असं मी सांगितलं, पण नेली. पाण्यात कालवून पट्टी बुडवली आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, आम्लही नाही, अल्कही नाही. ते खूश झाले नाहीत. “ते मला जिभेवर कळलं होतं,” म्हणाले. “तुमची पट्टी बरोबर आहे का बघायचं होतं.”

एका हिवाळ्यात त्यांनी मेंढ्या बसवल्या. आमच्या भागात शेतात मेंढ्या बसवतात. धनगर रात्रभर कळप उभा करतो आणि लेंड्या-मुताचं खत जमिनीला आयतं मिळतं. ते शेतात. शिरस्तेदारांनी रस्त्यानं चाललेल्या एका धनगराला संध्याकाळी फाटकाशी थांबवलं. तो कळप घेऊन आत डोकावला आणि शेत कुठाय म्हणून विचारू लागला. “होला एल्लैत्रि, साहेबर?”

“इदे होला,” हेच शेत, असं म्हणून शिरस्तेदारांनी हिरवळीकडे बोट केलं.

धनगरानं हिरवळीकडे बघितलं, शिरस्तेदारांच्या कोटाकडे बघितलं आणि मुकाट्यानं मेंढ्या आत घेतल्या. पाय ठेवायला जागा उरली नाही. मी वरून बघत होते. अंगणात लोकरीचं घोंगडं पसरल्यासारखं दिसत होतं. सकाळी अक्कानं खिडकी उघडली, तर पूजेसाठी चौकटीवर ठेवलेली फुलांची परडी एका मेंढीनं रिकामी केलेली.

“तम्मा,” अक्का शांतपणे म्हणाली, “तुझ्या पाहुण्यांनी माझ्या देवाची फुलं खाल्ली.”

“तीही खतातच येतात.”

“देवाला काय घालू मग?”

शिरस्तेदारांनी जरा विचार केला. “आज तहकूब कर,” म्हणाले.

अक्का हसली. तिला असं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. तिला दम्याचा त्रास होता. हसली की खोकला यायचा, म्हणून ती जपून हसायची.

मग रस्ता रुंद होणार असं ठरलं. हुबळी आणि धारवाडच्या मधला हा रस्ता किती वाढेल याच्या गप्पा आधीपासून चालल्या होत्या. पावसाळ्यात नोटीस आली. मोजणीवाले आले आणि अक्काच्या खिडकीपासून हातभर अंतरावर पांढरी खूण मारून गेले. घर वाचत होतं. हिरवळ सगळी जात होती.

दसऱ्यानंतर सुनावणी झाली. शिरस्तेदार कोट इस्त्री करून गेले. मला सुट्टी होती, म्हणून अक्कानं मला सोबत पाठवलं. तिथं बाकी सगळे भरपाईचं बोलत होते. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्यानं विचारलं, “आपली हरकत काय?”

“जमीन घ्यायला माझी हरकत नाही,” शिरस्तेदार उभे राहून म्हणाले. “सरकारला लागते, सरकारनं घ्यावी. पण माती जमिनीत येत नाही. माती मी केलेली आहे. ती देणार नाही.”

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अधिकारी हसला नाही. “मग काढून न्या की, आजोबा,” तो म्हणाला. “फक्त मार्चच्या आत न्या.”

त्याच्या दृष्टीनं विषय संपला. बाहेर आल्यावर शिरस्तेदार मला म्हणाले, “ऐकलंत ना? हुकूम झाला.”

दिवाळी झाली आणि काळा कोट घालून ते दाताळं घेऊन बाहेर आले. कापणं, विंचरणं, टोचणं, माती पसरणं, सगळं दरवर्षीसारखं. मार्चमध्ये जिथं यंत्र फिरणार त्या जागेला ते खत घालत होते. मी कामावरून परतत होते तेव्हा अक्का दारातून बोलताना ऐकलं. “तम्मा, साकु रे. पुरे आता. कशासाठी करतोस?”

“मग काय, उपाशी ठेवून काढू तिला?”

संक्रांत झाल्यावर त्यांनी खणायला सुरुवात केली. फाटकाच्या बाजूनं, वीत-दीड वीत खोल, गवतासकट. घमेल्यानं माती वाहून पोत्यांत भरायची. मजूर लावायला ते तयार नव्हते. मजूर खालची काळी माती हिच्यात मिसळतील, म्हणत. घरामागं जागा नव्हती. तिथं फरशी आणि पाण्याची टाकी. गच्चीवर ठेवली तर भिंतीचे तडे वाढतील. म्हणून पहिली पोती व्हरांड्यात लागली. व्हरांडा भरल्यावर बैठकीच्या खोलीत. सोफा एका भिंतीला लावला, त्याच्यावर पोती. दिवाणाखाली पोती. चार-आठ दिवसांनी ते एकेक पोतं उघडायचे, माती जमिनीवर ओतून फावड्यानं उलथीपालथी करायचे, पाणी शिंपडायचे आणि पुन्हा भरायचे. नळाला पाणी आठवड्यानं यायचं. अक्का धुणं मागं ठेवायची आणि पाणी मातीला जायचं.

घरभर धूळ बसली. अक्काचा खोकला मला वरपर्यंत ऐकू यायचा. मी एकदा धीर करून त्यांना म्हटलं, “काका, अक्कांना त्रास होतोय.” ते म्हणाले, “पाडव्यापर्यंत. मग कुठंतरी जागा बघतो.” कुठं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मग एका सकाळी ते पोतं घेऊन अक्काच्या खोलीत गेले. ती खाटेवर बसली होती. खाटेच्या पायथ्याशी त्यांनी पोतं टेकवलं आणि दुसरं आणायला वळले. मी जिन्यावरून उतरत होते. दार उघडं होतं.

“तम्मा,” अक्का म्हणाली, “मला एकदाच मातीत जायचंय. तू रोज निजवायला लागलास.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. शिरस्तेदार उभे राहिले. मग दुसरं पोतं आणायला गेले. दुपारी हुबळीच्या कोप्पीकर रोडवरून त्यांची भाची रिक्षा घेऊन आली. तिच्या नवऱ्याचं तिथं कापडाचं दुकान आणि वर घर. अक्का एक पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेली. शिरस्तेदार फाटकापर्यंत आले. फरशीवरून वळसा घालून अक्का रिक्षात बसली. एका बाजूला तेव्हा नुसता खड्डा होता, तरी तिनं वळसाच घातला.

त्यानंतर घर फार शांत झालं. फावड्याचा आवाज तेवढा खालून यायचा. माघ सरत आला होता. एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. बैठकीत दिवा लावावा लागत होता, कारण पोती खिडकीच्या वर गेली होती. त्यांनी एका पोत्यात हात घालून मूठभर माती काढली आणि माझ्यासमोर धरली.

“वास घ्या.”

मी घेतला.

“कसला येतो?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. “गोणपाटाचा,” मी म्हटलं.

“हं.” त्यांनी दुसरं पोतं उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येक वेळी नाकाशी नेलं. चाखली मात्र नाही. मग पोत्यावरच बसले. “ऊन नाही, मूळ नाही, आत काही जिवंत नाही,” म्हणाले. “मी म्हटलं, माझी आहे. ती माझ्याशिवाय राहील, उन्हाशिवाय राहील कशी?”

त्याच आठवड्यात मी अक्काला भेटायला हुबळीला गेले. भाचीच्या घरी तिला आतली खोली दिली होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची. ती बरी वाटली नाही. माझा हात धरून तिनं भाऊ जेवतो का, मफलर बांधतो का, हे विचारलं. मी त्या वासाचं सांगितलं.

“तुला वाटत असेल मी पोत्यांवर रागावून आले,” ती म्हणाली. “पोत्यांचं काय. मी त्या गवतावर कधी बसले नाही गं. थंडीत नको, माती घातलीय. पाडव्याला नको, कोवळं आहे. उन्हाळ्यात पाणी नाही, मोडेल. पावसात चिखल. म्हटलं, बसू कधीतरी. आता पोत्यात भरून खोलीत आलं.”

परत आल्यावर मी शिरस्तेदारांना ते जसंच्या तसं सांगितलं. ते खड्ड्याच्या कडेला फावडं घेऊन उभे होते. फक्त खिडकीखालचा कोपरा खणायचा राहिला होता, चटई अंथरण्याएवढा. त्यांनी फावडं धुतलं, पुसलं आणि आत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बसनं हुबळीला गेले आणि दुपार कलताना अक्काला रिक्षातून घेऊन आले.

खड्ड्यावर त्यांनी फळी टाकली होती. अक्काला दोन्ही हातांनी धरून त्यांनी त्या कोपऱ्यापर्यंत नेलं. मी उशी घेऊन खाली गेले. अक्कानं ती बाजूला सारली आणि जमिनीवर टेकली. रस्त्याच्या पलीकडे यंत्र चालू होतं. धूळ उडत होती. गवताचे नुसते खुंट होते.

“टोचतंय रे, तम्मा,” ती म्हणाली.

“थंडीत टोचतंच. पाडव्यापर्यंत थांबलं की…” आणि ते मधेच थांबले.

“तू पण बस,” अक्का म्हणाली. “उभा राहून काय राखण करतोस?”

ते तिच्या शेजारी बसले. मी चहा आणून दिला. लहानपणीच्या कुठल्या तरी विहिरीविषयी ती काही सांगत होती आणि ते कानडीतून तिला दुरुस्त करत होते. ऊन गेल्यावर ती उठली. रात्री राहा म्हणून त्यांनी विचारलं नाही; घरात तिला श्वास घेता आला नसता, हे त्यांना दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रस्त्याच्या ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं. “भरावाला माती लागते ना? घेऊन जा.” त्यानं पोत्यांत हात घालून बघितलं आणि ही भुसभुशीत आहे, दबणार नाही, म्हणाला. शिरस्तेदार म्हणाले, “दाबा. दबेल.” ट्रॅक्टरच्या दोन खेपांत सगळं गेलं. मग त्यांनी घर धुतलं. अक्काची खोली तर भिंतींसकट पुसली, खाटेवर नवी चादर घातली आणि भाचीला फोन करून सांगितलं, अक्काला आता आणायला येतो.

पण अक्काला ताप भरला होता. छातीत कफ दाटला, दवाखान्यात ठेवलं. ते रोज सकाळी बसनं जायचे, रात्री परत यायचे. एका संध्याकाळी ते लवकर आले आणि फाटक न लावताच आत गेले. मी खाली गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात अक्काच्या पाटावर बसले होते. “गेली,” एवढंच म्हणाले. अक्काचे दिवस चालू असतानाच यंत्र फाटकाशी आलं आणि खिडकीखालचा कोपरा घेऊन गेलं. ते बाहेर आले नाहीत.

पाडव्याला सकाळी माझ्या दारावर थाप पडली. शिरस्तेदार उभे होते, हातात वाटी. वाटीत कडुनिंबाचा मोहोर आणि गूळ. सुतकाच्या घरातून नाही, भाचीकडून आलंय, म्हणाले. मी इतकी वर्षं राहिले, पण ते वर कधी आले नव्हते. गुडघ्यांमुळे म्हणा, संकोचामुळे म्हणा. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत, सरळ बाल्कनीत गेले. खाली खडी पसरलेली होती आणि रस्ता आता अक्काच्या खिडकीला लागून जात होता.

“इथून कशी दिसायची?” त्यांनी विचारलं.

“छान दिसायची, काका.”

“छान म्हणजे कशी? नीट सांगा.”

मग मी नीट सांगितलं. मेंढ्या कशा दिसल्या ते सांगितलं. टोचून झाल्यावर भोकांच्या रांगा कशा दिसायच्या, दव पडलं की शिरस्तेदारांच्या पावलांची वाट कशी उमटायची. आणि पाडव्याच्या आधी हिरवं व्हायला लागलं की आधी अक्कांच्या खिडकीखाली व्हायचं, मग बाकी.

“तिथं ऊन लवकर यायचं,” ते म्हणाले.

“ऊन तिथं सगळ्यात उशिरा यायचं. घराची सावली होती.” मी जरा थांबले. पण आता लपवायचं कुणापासून? “तुम्ही दूध आणायला गेलात की अक्का खिडकीच्या गजांतून तांब्या बाहेर काढायच्या. पूजेचं पाणी गवतावर ओतायच्या. रोज. एकदा मी वरून बघतेय हे त्यांना दिसलं, तर ओठांवर बोट ठेवलं.”

शिरस्तेदार कठडा धरून खाली बघत राहिले.

“रोज पाणी घालू नये थंडीत,” ते म्हणाले. “मुळं वरच राहतात. मी तिला सांगितलं होतं. मुळं खाली जात नाहीत. मी तिला…”

ते बाल्कनीच्या फरशीवर खाली बसले आणि रडले, दवाखान्यातून आले त्या दिवशी रडले नव्हते तसे. मी वाटी उचलून आत ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.